बलून कुठं ठेवायचा?

मार्च-एप्रिल आला की आमच्या दुकानात झेरॉक्स मशीनपेक्षा माउस जास्त झिजतो. दुकान कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, निवृत्ती चौकातून आतल्या बोळाला वळलं की डाव्या हाताला. झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, लाईट बिल आणि पाटीवर शेवटी 'सर्व प्रकारचे ऑनलाईन फॉर्म भरून मिळतील'. ह्या शेवटच्या ओळीवरच घर चालतं. आणि त्या 'सर्व प्रकारां'त सगळ्यात जास्त डोकं खाणारा फॉर्म म्हणजे आरटीईचा.

ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं, म्हणजे आरटीईनं, खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. फी सरकार भरणार, आठवीपर्यंत. महाराष्ट्रात ह्याचा अर्ज ऑनलाईन, प्रवेश सोडतीनं. सोडतीत आधी नंबर कुणाचा, तर शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्याचा. मग एक ते तीन किलोमीटरवाल्याचा. त्यापुढचे नशिबावर.

हे अंतर मोजायला अर्जात गुगलचा नकाशा उघडतो आणि त्यावर एक लाल खूण येते. तिला सगळे बलून म्हणतात. बलून ओढून आपल्या घरावर आणून सोडायचा. सोडला की प्रत्येक शाळेचं अंतर आपोआप मांडलं जातं, रस्त्यानं नाही, सरळ रेषेत. लोकेशन बदलायची मुभा मोजकीच, आणि नंतर पडताळणीत घर एकीकडं आणि बलून दुसरीकडं निघाला तर मिळालेला प्रवेशही रद्द.

आता आमची पेठ म्हणजे भिंतीला भिंत, परसाला परस. वरून बघितलं तर सगळे पत्रे आणि कौलं एकच. एकदा दोघं सख्खे भाऊ आले होते. वाडवडिलांच्या घराची वाटणी झालेली, पुढचं थोरल्याचं, मागचं धाकट्याचं. दोघांचीही पोरं त्या वर्षी शाळेला घालायची. थोरल्याचा बलून पुढच्या सोप्यावर ठेवला आणि त्यांना हवी असलेली इंग्रजी शाळा एक किलोमीटरच्या आत आली. धाकट्याचा मागच्या न्हाणीवर ठेवला, तर काही मीटरसाठी बाहेर. धाकटा माझ्या खांद्यावरनं स्क्रीनकडं बघत म्हणाला, "दादा, जरा अलीकडं सरकवा की. सोप्यात मी बी जातोय रोज."

थोरला काहीच बोलला नाही. पण त्याच्या तोंडावर दिसत होतं, की धाकटा आत आला तर सोडतीत आपल्याच पोराला एक वाटेकरी वाढतो. मी सांगितलं, लाईट बिलावर जो पत्ता आहे तिथंच बलून राहणार. धाकटा गेला, आणि महिनाभर माझ्या दुकानात झेरॉक्सलाही फिरकला नाही.

दुकानात बसून मी ह्या कोट्याची दोन्ही अंगं बघितली आहेत. दुर्बल घटकासाठी वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. म्हणजे महिन्याला आठ हजार तीनशे काहीतरी. पेठेत ह्या पैशात खरोखर भागवणारी माणसं आहेत, आणि चारचाकी चौकात लावून तहसीलदाराचा दाखला आणणारीही आहेत. दाखला खरा की खोटा हे तपासायचं काम माझं नाही, मी स्कॅन करतो. पण धुणीभांडी करणारी बाई उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चार खाडे करून येते आणि दुसऱ्याच्या मोबाईलवर तो आयता येऊन पडतो, हे रोज बघून माणूस गप्प कसा राहील?

हे सगळं चालू होतं तोवर 9 फेब्रुवारी 2024 ला सरकारनं नियमच बदलला. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, त्या खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. सरकारचं म्हणणं ऐकायला बिनतोड होतं: शेजारी आपली शाळा असताना खासगी शाळेची फी सरकारनं का भरावी? त्या फीचीही गंमत आहे. सरकार एका मुलामागं वर्षाला 17,670 रुपये देणं लागतं, आणि ती रक्कम वर्षानुवर्षं थकलेली. खासगी संस्थाचालक त्यासाठी आंदोलनं करत होते. नव्या नियमानं दोघांचीही सुटका होणार होती.

नियम पेपरात वाचला त्या संध्याकाळी मी दुकानातल्या शहराच्या नकाशावर कंपास घेऊन बसलो. नकाशाखाली दिलेल्या पट्टीवरून एक किलोमीटरची त्रिज्या घेतली आणि मला माहीत असलेल्या महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांवर एकेक वर्तुळ मारत गेलो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, गंगावेश. पाच-सहा वर्तुळांतच रंकाळ्याच्या काठापासून बिंदू चौकापर्यंत सगळं जुनं शहर झाकलं गेलं. पुढं कंपास फिरवण्यात अर्थ नव्हता. जिथं बोळा-बोळाला शाळा आहे, तिथं एक किलोमीटरच्या बाहेर राहतं कोण? वाडीवस्तीवर एखादी खासगी शाळा त्या नियमातून कोट्यात राहिलीही असती. शहरात कोटा संपला होता.

माझ्याशेजारी एक गवंडी उभा होता. मुलीच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स काढायला आलेला. त्यानं वर्तुळं बघितली आणि विचारलं, "म्हंजे आपण हद्दीच्या आत आलो का बाहेर गेलो?"

कोल्हापुरात हद्द म्हटलं की हद्दवाढ आठवते. 1972 ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली, पण हद्द तेवढीच राहिली, आणि आजूबाजूची गावं आत यायला तयार नाहीत. ह्या हद्दीत मात्र सगळ्यांना आत यायचं होतं. मी त्याला म्हटलं, आत आलो, म्हणून बाहेर गेलो.

16 एप्रिलला पोर्टल सुरू झालं. अर्ज उघडला की यादीत शाळा कुठल्या, तर महापालिकेच्या आणि अनुदानित. राज्यातल्या राखीव जागांचा आकडा एक लाखाच्या घरातून आठ लाखांच्या वर गेला होता, पेपरात मोठ्या टायपात आला. गवंड्यानं यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "ही आमच्या बोळातली शाळा. हिच्यात मी उद्या सकाळी पोरगीला हाताला धरून न्हेली तर मास्तर न्हाई म्हणणार काय?"

"नाही म्हणणार. उलट चहा पाजतील."

"मग ह्यो फॉर्म कशाला?"

उत्तर माझ्याकडं नव्हतं. त्या फेरीत राज्यभरातून आलेले अर्ज लाखाच्याही आत होते. आदल्या वर्षी तीन लाखांच्या वर आले होते.

त्याच आठवड्यात दुकानासमोरच्या कट्ट्यावर एका संध्याकाळी जी जुंपली ती मला अजून जशीच्या तशी आठवते. सुरुवात झाली एका दुकानदारापासून. महाद्वार रोडला त्याचं कपड्याचं दुकान, मुलगा इंग्रजी शाळेत. तो म्हणाला, "खरं बोलू का? बरं झालं. आमी भरायचे पन्नास हजार, आन् शेजारच्या बेंचवर फुकट. त्यांच्या फीचा बोजा शेवटी आमच्यावरच पडतोय."

गवंडी म्हणाला, "शेठ, तुमच्या दुकानाची वरची स्लॅब मी टाकलीया. तवा एका बेंचवर बसून जेवलोय आपण."

हशा झाला, पण दुकानदारही खोटं बोलत नव्हता. सरकारनं पैसे थकवले की शाळा फी वाढवते आणि ती फी भरणाऱ्याच्याच बोडक्यावर येते. त्याचा राग मात्र सरकारवर न निघता शेजारच्या बेंचवर निघत होता.

तेवढ्यात महापालिकेच्या शाळेतल्या एक बाई मतदार याद्यांची झेरॉक्स घ्यायला आल्या. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि मग गठ्ठा कट्ट्यावर ठेवून म्हणाल्या, "तुम्ही दोघं भांडताय ते शेजारच्या शाळेच्या दारासाठी. आमच्या दाराचं कुणी बोलतच नाही. पट कमी म्हणून शिक्षक कमी. शिक्षक कमी म्हणून तुम्ही पोरं घालत नाही. तुम्ही घालत नाही म्हणून पट कमी. आता सांगा, ह्यात मी कुठं हात घालू?"

"बाई, तुमची मुलं कुठं शिकली?" दुकानदारानं विचारलं.

प्रश्न खवचट होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "थोरला इंग्रजीत. धाकटी माझ्याच शाळेत. थोरल्याच्या वेळी मीही तुमच्यासारखीच घाबरले होते."

कट्ट्यावर एक आजोबा बसतात, शाहू स्टेडियमवरचा एकही फुटबॉलचा सामना न चुकवणारे. त्यांनी मध्येच तोंड घातलं. म्हणाले, "शाहू महाराजांनी 1917 ला शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. तवाचा रुपया! आज कुणाला दंड करायचा? बापाला, का शाळेला?"

आजोबांनी जे सांगितलं नाही ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दोनच वर्षांनी, 1919 मध्ये, महाराजांनी अस्पृश्य मुलांसाठी असलेल्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि ती मुलं बाकीच्यांच्याच शाळेत बसवायचा हुकूम काढला. वेगळी शाळा चांगली चालवू, असं ते म्हणू शकले असते, आणि त्यात त्यांचं कुणाशी वाकडंही आलं नसतं. एकाच गावातली मुलं दोन शाळांत वाटली गेली की एक शाळा आपोआप कमी प्रतीची होते, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. त्यांच्याच गावात शंभर वर्षांनी आम्ही बलून सरकवत बसलो होतो.

निपाणीला माझी मेहुणी आहे. तिला फोन केला तर ती म्हणाली, "आमच्याकडं हे 2019 लाच झालंय." कर्नाटकानं हाच नियम आधी आणला होता, तिथल्या उच्च न्यायालयानं तो ग्राह्यही धरला, आणि कोट्यातले प्रवेश जवळजवळ आटले. मी विचारलं, मग सरकारी शाळांत गर्दी झाली का? ती हसली. "गर्दी कुठली? ज्यांना कोट्यातून जायचं होतं ती कर्ज काढून स्वस्तातल्या इंग्रजी शाळेत गेली." ह्या एका वाक्यानं माझा सरकारच्या युक्तिवादावरचा उरलासुरला विश्वास उडाला. खासगी शाळेचं दार बंद केलं म्हणून माणूस सरकारी शाळेकडं वळत नाही. तो खिशाला झेपेल असं तिसरं दार शोधतो, आणि ते बहुधा पहिल्या दोन्हींपेक्षा वाईट असतं.

6 मे 2024 ला मुंबई उच्च न्यायालयानं नव्या नियमाला स्थगिती दिली. 7 मे ला कोल्हापूरचं मतदान होतं. मास्तर आणि बाई मतदानयंत्रं घेऊन बूथवर निघाले होते, त्यामुळं बातमी आली तेव्हा ज्यांच्या शाळांबद्दल हा खटला होता त्यांतले बरेचसे केंद्राध्यक्ष म्हणून शिक्के-शाई मोजत असणार. मग अर्ज पुन्हा पहिल्यापासून. जुने बाद, नवे भरा. ह्या खेपेला राज्यातले अर्ज दोन लाखांच्या वर गेले. 7 जूनला सोडत निघाली पण निकाल जाहीर झाला नाही, कारण खटला चालूच होता. 15 जूनला शाळा भरल्या. 26 जूनला शाहू महाराजांच्या जन्माला दीडशे वर्षं झाली, शहरभर कार्यक्रम झाले, आणि आमच्या पेठेतली सहा-सहा वर्षांची पोरं दप्तर नसताना घरात बसून होती.

गवंडी रोज सकाळी कामावर जाताना दुकानात डोकावायचा. "उघडलं काय?" मी मान हलवायचो. पुढं पुढं तो विचारायचाही बंद झाला, नुसता बघून जायचा.

19 जुलैला न्यायालयानं नियम रद्दच केला. कायद्यानं दिलेला हक्क नियम करून काढून घेता येत नाही, हा त्याचा गाभा. शाळांनी मधल्या काळात त्या जागा दुसऱ्या मुलांना दिल्या असतील तर ते प्रवेश न मोडता जागा वाढवा, असंही सांगितलं. 9 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला. निकाल योग्यच होता, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सरकारला आपल्या शाळांचा एवढा अभिमान असेल तर त्यानं त्या शाळा इतक्या चांगल्या कराव्यात की कोट्याची जागा रिकामी राहावी. कुंपण घालून मुलं राखता येत नाहीत.

गवंड्याच्या मुलीचा नंबर लागला. त्यानं दुकानात पेढे वाटले. पहिल्या आठवड्यात शाळेनं त्याच्या हातात पुस्तकं, वह्या, दोन गणवेश, बूट आणि कसल्याशा ॲक्टिव्हिटीची यादी दिली. फी माफ, यादी माफ नाही. त्यानं भिशीतनं पैसे उचलले. यादीवर बोलायला तो शाळेत गेला तेव्हा ऑफिसातल्या माणसानं विचारलं, "आरटीईवाले का?" आणि त्याला बाकड्यावर बसवून ठेवलं, तासभर. शाळेचं नाव मी लिहीत नाही, कारण हा प्रश्न मी एकाच शाळेबद्दल ऐकलेला नाही. मुलगी हुशार आहे, टिकेल. पण आठवीनंतर कोटा संपतो, आणि नववीला पूर्ण फी. बापानं तो हिशेब आत्ताच मांडायला घेतला आहे. "तवर दोन स्लॅब जादा टाकीन," म्हणतो.

आता आमच्या घरातलं. आम्ही कोट्यात बसत नव्हतो. आमच्या मुलीला 2025 च्या जूनला पहिलीत घालायची होती, आणि बायकोचं नि माझं वर्षभर आधीपासून खलबत चाललेलं. म्हणून 2024 च्या पाडव्याला, 9 एप्रिलला, मी मुद्दाम मेव्हण्याबरोबर जरगनगरला गेलो. त्याला मुलाचा प्रवेश घ्यायचा होता, मला बघायचं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना खरं वाटणार नाही, पण कोल्हापुरात महापालिकेची एक शाळा अशी आहे जिथं प्रवेशासाठी पालक पाडव्याच्या आदल्या रात्रीपासून रांग लावतात. जरगनगरचं श्रीमती लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिर. मराठी माध्यम, महापालिकेचीच इमारत, महापालिकेचेच शिक्षक. आम्ही पोचलो तेव्हा अंधार होता आणि चटया अंथरलेल्या. कुणी थर्मास आणलेला, कुणी डासांची अगरबत्ती. माझ्यापुढं एक बँकेतले साहेब होते आणि त्यांच्यापुढं एक रिक्षावाला. दोघं क्रिकेटवर बोलत होते. त्या रांगेत बलून नव्हता, दाखला नव्हता, फक्त आधी कोण आलं एवढंच. उजाडल्यावर घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या आणि रांगेतल्या बायका घरी फोन करून विचारायला लागल्या, नैवेद्य झाला का.

मला तिथं एकच प्रश्न छळत होता. पगार तोच, बालभारतीची पुस्तकं तीच, वरचं ऑफिस तेच. मग इथं रांग आणि आमच्या बोळातली शाळा ओस, असं का? मेव्हणा म्हणाला, "शिष्यवृत्तीला पोरं चमकतात इथली." ते खरंच आहे. पण शिष्यवृत्तीचा जादा तास घ्यायला आधी शिक्षक मोकळा लागतो. आणि पट मोठा असला की इयत्तेला शिक्षक मिळतो, एकेका इयत्तेच्या तुकड्या पडतात. पट छोटा असला की एका शिक्षकाच्या गळ्यात दोन इयत्ता. कायद्याच्या कोष्टकात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. चार इयत्तांना दोन. तिसरा येतो एकसष्टाव्या मुलाला, आणि त्यावरही सरकारी निर्णयांचे थर चढत असतात. म्हणजे ज्या शाळेत रांग लागते तिथं शिक्षक वाढतात, आणि जिथं पोरं कमी तिथून जातात. बाईंनी कट्ट्यावर सांगितलं होतं तेच, पण त्या रांगेत उभं राहिल्याशिवाय मला त्याचा अर्थ लागला नव्हता. खासगी आणि सरकारी शाळेतली दरी सगळ्यांना दिसते. एकाच महापालिकेच्या दोन शाळांमधली दरी कुणाच्याच भांडणात येत नाही.

बायकोनं जरगनगरला साफ नकार दिला. ती एका दवाखान्यात रिसेप्शनला, मी दुकानात. शिवाजी पेठेतून पोरगीला तिकडं नेणार कोण आणि आणणार कोण? शिवाय तिचं म्हणणं असं, की आपण हुशारी करून चांगल्या शाळेच्या रांगेत घुसायचं, म्हणजे बोळातल्या शाळेतलं आणखी एक मूल कमी करायचं. मी म्हटलं, पोरगी आपली आहे, समाजकार्य नव्हे. ह्यावर आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. शेवटी तिनं एक अट घातली: एक दिवस रजा काढ आणि त्या शाळेत जाऊन बस. मग ठरवू.

मी जाऊन बसलो. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. पहिली-दुसरीच्या बाईंनी फळ्याच्या मधोमध खडूनं उभी रेघ मारलेली. डावीकडं पहिलीची अक्षरं, उजवीकडं दुसरीची वजाबाकी. डावीकडच्यांना 'क' गिरवायला लावून त्या उजवीकडं वळायच्या, हातचा घेऊन दाखवायच्या, आणि तेवढ्यात पहिलीतलं कुणीतरी 'क' सोडून वजाबाकीचं उत्तर ओरडायचं. बाई रागावल्या नाहीत. त्या पोराला उठवून फळ्याच्या उजव्या बाजूला उभं केलं आणि म्हणाल्या, "ये, मांडून दाखव." त्यानं मांडलं, हातचा विसरला, दुसरीतल्या पोरीनं दुरुस्त केलं. अर्ध्या तासानं बाईंना ऑफिसातून फोन आला, कसलीतरी ऑनलाईन माहिती आत्ताच्या आत्ता भरायची होती. पाऊण तास फळा तसाच राहिला. पोरं गोंगाट करत होती आणि शेजारच्या खोलीतले सर दोन्ही दारांच्या मध्ये उभे राहून चार इयत्ता सांभाळत होते.

घरी येऊन बायकोला सांगितलं, बाई चांगल्या आहेत, एकट्या आहेत. ती म्हणाली, "मग घालूया आणि भांडूया." 30 मार्च 2025 च्या पाडव्याला आम्ही त्याच शाळेत नाव घातलं. रांग नव्हती. बाईंनी मुलीच्या हातात गुलाबाचं फूल दिलं आणि मास्तरांनी खरंच चहा पाजला.

आता मी त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. कायद्यानं ह्या समितीत तीन चतुर्थांश पालक असायला लागतात, अर्ध्या बायका. कागदावर ही समिती प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत असते, सभा मात्र बहुतेक वेळा सह्यांपुरती होते. आम्ही पहिल्या सभेला नऊजण जमलो आणि ऑनलाईन माहितीचं काम माझ्याकडं घेतलं. तेवढं मला येतं. शाळा सुटल्यावर बाई कागद पाठवतात, मी दुकानात बसून भरतो आणि त्यांनी तपासून पुढं पाठवायचं. आता तासाच्या मध्ये फोन येणं पूर्ण थांबलेलं नाही, पण कमी झालं आहे. मुलगी अक्षरांबरोबर वजाबाकी शिकते आहे. एकत्र वर्गाचा एवढा फायदा मी मान्य करतो. तोटा त्याहून मोठा आहे, हेही लिहून ठेवतो: जरगनगरचा भाचा पहिलीत असताना जेवढं वाचायचा, त्यापेक्षा तिचं वाचन मागं आहे.

तो कपड्याचा दुकानदार परवा भेटला. म्हणाला, "तू तर अर्ज भरून देणारा माणूस. स्वतःच्या पोरीला कुठं घातलंस रे?" मी सांगितलं. तो म्हणाला, "धाडस केलंस." धाडस कसलं? महापालिकेच्या शाळेत मूल घालणं हे शाहूंच्या कोल्हापुरात धाडस ठरावं, ह्यातच सगळं आलं.

आमच्या शाळेचा पट सध्या सत्तावन्न आहे. शिक्षक किती द्यायचे हे ठरवायला 30 सप्टेंबरचा पट धरतात. तेव्हा पेठेतल्या आयाबापांनो, ज्यांची पोरं अजून कुठं रुजली नाहीत किंवा दुसऱ्या शाळेत मनाविरुद्ध चालली आहेत, त्यांनी एक दिवस येऊन आमच्या वर्गात मागं बसा, माझ्यासारखं. पटलं नाही तर जा. पटलं तर दुकानात या, दाखल्याच्या कागदांची झेरॉक्स मी फुकट काढून देतो. आम्हाला आणखी चार मुलं हवी आहेत.